हार कोणी घालायचा

परदेशात नोकरीला असताना, लिटिल इंडिया या तिथल्या भारतीय वस्तीतल्या एका डान्स लाउंजमध्ये मी दर शनिवारी संध्याकाळी जायचो. साड्या नेसलेल्या मुली हिंदी गाण्यांवर नाचायच्या आणि मी लिंबू सरबत प्यायचो. तिथला रिवाज असा, की एखादीचा नाच आवडला तर गिऱ्हाइकाने हार विकत घ्यायचा. वेटर तो तिच्या गळ्यात घालायचा आणि ती त्या गिऱ्हाइकाच्या टेबलाकडे बघून मान लववायची.

दुसऱ्याच्या हातून असा मान देणं मला बरं वाटेना. आमच्या घरातून कॉलेजला गेलेला मी पहिलाच. गावात माझा सत्कार झाला, तेव्हा सरपंचांनी स्वतः उठून हार घातला होता. लाउंजमधल्या त्या मुलींपैकी एकीच्या नाचाबद्दल मला मनापासून आदर होता आणि तो तिला कळावा, एवढीच इच्छा होती. म्हणून एका शनिवारी मी वेटरच्या हातातून हार घेतला आणि स्टेजसमोर जाऊन तिच्यापुढे दोन्ही हातांनी उंच धरला.

मागच्या टेबलावर बोटीवरचे एक मराठी इंजिनिअर बसायचे. ते ओरडले, "शुभमंगल सावधान!" कोणीतरी अक्षता म्हणून शेंगदाणे टाकले. माझे हात खाली येईनात.

ती पुढे आली. हार तिने गळ्यात नाही, हातात घेतला आणि माइकवर म्हणाली, "थँक्यू, भैया."

मी जागेवर परतलो. इंजिनिअरकाका म्हणाले, "बस, बाळा. आता राखीपौर्णिमेलाच ये."

आदर तर पोचला होता. एवढीच तर इच्छा होती, असं स्वतःला सांगत मी सरबत संपवलं.