एका कलमाची चूक

लोणारच्या हायस्कुलातले एक मास्तर शाळा सुटली की आमच्या पोस्टात येत. एकाच कमाईवर दोन देशांनी कर मागितला तर तो कोणाला द्यायचा, हा त्यांच्या अभ्यासाचा विषय. परदेशी पाकीट आलं की ते उभ्याउभ्याच वाचत. काही विचारलं तर पान संपल्यावर होकारादाखल "हाव" म्हणत.

एकदा त्यांचा लेख विलायतेच्या मासिकात छापून आला आणि नागपूरच्या एका कॉलेजानं त्यांना मुलाखतीला बोलावलं. त्याच आठवड्यात मास्तर एक पाकीट घेऊन आले.

"लेखात करारातलं एक कलम मी उलटं वाचलं. संपादकाले कळवून राह्यलो."

"मुलाखतीनंतर टाका ना, सर. तवर कोणाले समजते?"

"मले समजलं ना."

पाकीट मुलाखत होईपर्यंत मागं ठेवावं, असं माझ्या मनात आलं. पण मी शिक्का मारला. मुलाखतीतही त्यांनी ती चूक आपणहून सांगितली. नोकरी दुसऱ्याला मिळाली. पुढल्या वर्षी छापलेली दुरुस्ती घेऊन ते पुन्हा गेले आणि निवडले गेले.

निरोपाच्या दिवशी मी माझ्या मनातलं कबूल केलं.

"मलेही वाटलं होतं, तुम्ही ठेवून घ्यावं," ते म्हणाले. "म्हणून तर शिक्का बसेपर्यंत मी हाललो नाही."