बसूनच सांग

“काऊन उठून राह्यला? बसूनच सांग.”

आमच्या शाळेतल्या इतिहासाच्या बाईंचं हे रोजचं वाक्य. नाव पुकारलं की पोरगं सवयीनं ताडकन उठायचं आणि बाई हाताच्या इशाऱ्यानंच त्याला खाली बसवायच्या. तुम्ही पाहिलं असतं तर तुम्हीही म्हणाला असता, बाई पोरांना लाडावून ठेवतात. मी तर म्हणायचोच. मी गणित शिकवायचो, दुपारी पोरांच्या जेवणाच्या पंगती वाढायचो आणि गडचिरोलीच्या त्या जंगलात शिस्त काय ती माझ्यामुळेच टिकून आहे, असं समजायचो.

एकदा बाईंनी वर्गात जमिनीवर खडूनं लांब रेघ ओढली. ते अमेरिकेतल्या एका हॉटेलाचं टेबल. काळ्या माणसांनी तिथं बसायचं नाही, असा नियम. तरी कॉलेजातली काळी पोरं पुस्तकं घेऊन जाऊन बसली. शिव्या खाल्ल्या, डोक्यावर साखर ओतून घेतली, पण हात उचलला नाही आणि उठलीही नाहीत.

“बाई, मंग दुसऱ्या हॉटेलात काऊन नाई गेले?” एकानं विचारलं.

“तिथीही असंच होतं, बापू.”

आता माझी गोष्ट सांगतो. गावातली पोरं पहिल्या पंगतीला आणि वसतिगृहातली माडिया आदिवासी पोरं दुसऱ्या, ही व्यवस्था माझी. ती हळू जेवतात, हे मी दिलेलं कारण. दुसऱ्या पंगतीपर्यंत भाजी संपलेली असायची.

त्या धड्याच्या दुसऱ्या दिवशी माडिया पोरं पहिल्याच पंगतीत येऊन बसली. समोर रिकाम्या ताटल्या, हातात पुस्तकं.

“उठा. तुमची पंगत मागून,” मी ओरडलो.

सहावीतली एक पोरगी, एरवी मान वर न करणारी, म्हणाली, “सर, आमी इथीच बसतो. मारायचं तं मारा.”

मी बाईंना बोलावून घेतलं. बाई आल्या, पंगतीच्या टोकाला मांडी घालून बसल्या.

“मलेही वाढा, सर. भूक लागली.”

मी वाढलं. माझं मन वगैरे पालटलं नव्हतं, बाईंसमोर हात उगारायची हिंमत झाली नाही इतकंच. मन पुढे सावकाश पालटलं. पण त्या दिवसापासून पंगत एकच झाली आणि बाईंनी ही गोष्ट स्टाफरूममध्ये कधी काढली नाही. माझी लाज त्यांनी झाकली, हे उपकार मी विसरणार नाही.

मागच्या उन्हाळ्यात बाई गेल्या. शाळा उघडल्यावर मुख्याध्यापक म्हणाले, “दोन मिनिटं उभं राहून श्रद्धांजली वाहू.”

पोरं उठलीच नाहीत. मान खाली घालून, गप्प बसून राहिली.

मुख्याध्यापकांनी माझ्याकडे पाहिलं. शिस्तीचा माणूस ना मी.

मी पोरांच्या रांगेत जाऊन खाली बसलो.