भावाविरुद्ध जबाब

बायकांना होणारी मारहाण कुठे जास्त आणि का, याची पाहणी करण्याचं माझं काम. गेल्या वर्षी रायपूरच्या कडेच्या वस्त्यांत आणि आसपासच्या गावांत खूप फिरले. कुठे दारू, कुठे रिकामे हात, कुठे पोरीचं लग्न फार लवकर झालेलं. कारणं सापडत होती. संध्याकाळी शहरातल्या आमच्या ब्राह्मणपारा मोहल्ल्यात घरी परतले की वाटायचं, ते सगळं मागे राहिलं.

आमच्या घरात दारू नव्हती. दादा सरकारी नोकरीत, पूजा झाल्याशिवाय चहा न घेणारा. वहिनी गोंदियाची, एम.ए. झालेली. मे महिन्यातही ती पूर्ण बाह्यांचे ब्लाउज घालायची. मला दिसत होतं. मी विचारलं नाही.

एका दुपारी मेथी निवडताना तिनंच विचारलं, "ताई, तुमी त्या बायांले काय सांगता?"

"मार सहन करू नका म्हणते. माहेरी सांगा, ठाण्यात जा."

"अन् नवऱ्याच्या घरचे?"

"ते त्याच्याच बाजूनं असतात."

"हव," म्हणत तिनं बाही वर सरकवली. दंड काळानिळा होता. "मंग तुमी कोणाच्या बाजूनं?"

तेव्हाच तिला घेऊन निघायला हवं होतं. मी दादाशी बोलले. त्यानं मान खाली घातली, पुन्हा होणार नाही म्हणाला, आणि मला सुटल्यासारखं वाटलं. तिनं मला सांगितलं म्हणून चार-पाच दिवसांत त्यानं तिचा हात मोडला.

दवाखान्यात डॉक्टरांनी कसं झालं विचारलं. आई म्हणाली, "बाथरूममंदी पाय घसरला."

वहिनी माझ्याकडे पाहत नव्हती. मी म्हणाले, "नाही. माझ्या भावानं मोडला." ठाण्यातही तेच सांगून सही केली.

आता दादा जामिनावर आहे, शहरातच पंडरी भागात खोली घेऊन एकटा राहतो. वहिनी गोंदियाला शाळेत शिकवते. आई माझ्या हातचं जेवत नाही, स्वतःपुरतं शिजवते.

"दुसऱ्यांच्या पोरी वाचवता वाचवता आपलं घर मोडलं तू," ती म्हणाली.

"वहिनी दुसऱ्याची होती काय, आई?"

"अन् तो कोणाचा व्हय?"

वहिनीच्या मोडलेल्या हाताचं ओझं माझ्यावर आहे, आणि आईच्या एकट्या ताटाचंही; एकानं दुसरं हलकं होत नाही.

फोनवर वहिनीची माफी मागितली. "माफी राहू द्या, ताई," ती म्हणाली. "तारखेले या फक्त."

मी जाते. मागच्या तारखेला कोर्टाच्या व्हरांड्यात दादा भेटला. वाळला होता. रागावेल असं वाटलं होतं.

"आई जेवून राहिली ना बरोबर?" त्यानं विचारलं.

"हो," मी म्हणाले, आणि साक्ष द्यायला आत गेले.