थोरलीचं वळण

हे मी आजवर कुणापुढं बोललेले नाही. मालकांपुढं नाही, लेकीपुढं तर नाहीच नाही. देवापुढं बोलले असते — पण देवाला सांगायला काय जातं? तो थोडाच गावात जाऊन सांगणार आहे! म्हणून तुम्हाला सांगते. तुम्ही माणूस आहात.

मी चौसाळ्याची कासारीण. बाईनं एकदा का आपला हात माझ्या हातात दिला की तिची जीभ सैल सुटते, हे मी जन्मभर पाहत आले. आधी सासू निघते, मग जाऊ, मग नवरा, आणि शेवटी गाडं पोरांवर येतं. "लई माजलंय बघा कार्टं. भाकर फेकून देतंय. तुमी कमळीला वळण कसं लावलं, सांगा की!" देशमुखांची सून हेच विचारते, मोमिनाची बायको हेच विचारते. बीडला तहसीलदारांच्या घरी बांगड्या भरायला जाते, तर पडद्याआड बेगमसाहेबाही हेच विचारतात. निजाम सरकारच्या अंमलात सगळ्या आयांचं दुखणं एकच दिसतं! आणि मी सांगते. पंजा दाबत, बांगडी हळूहळू वर सरकवत असं काही ज्ञान पाजळते की ऐकणारीला वाटावं, ही बाई पोरं वाढवायलाच जन्माला आली.

त्यातला एकही शब्द माझा नाही.

सगळे शब्द थोरलीचे. थोरली म्हणजे माझी सवत, मालकांची पहिली बायको. तिला मूल झालं नाही, म्हणून तिनंच पुढं होऊन मला मागणी घातली, तिनंच मला या घरात आणलं. माझी पहिली हळद तिच्या हातची आहे. मी आले, कमळी झाली, आणि वर्षभरात मालकांच्या हाताला कंप सुटला. कासाराचा हातच थरथरू लागल्यावर काय राहिलं? काच थरथरत्या हाताचं ऐकत नाही. थोरलीचा अंगठा लहानपणी पडून वाकडा झालेला, तिला बांगडी भरता येत नसे. म्हणून बांगड्यांची पाटी माझ्या डोक्यावर आली, आणि कमळी थोरलीच्या कडेवर गेली.

मी बाजार करायची. आज नेकनूर, मग मांजरसुंबा, सणावाराला गेवराईपर्यंत. गेवराईला मुक्काम पडायचा, एरवी पहाटे निघायची, दिवेलागणीला परत. पोर दिवसभर नजरेआड — जीव तुटायचा हो. मग काय करायची? येताना खाऊ आणायची. रेवड्या, बत्तासे, गुडीशेव, कधी लाकडी बाहुली. पदराला गाठ नसलेली मी कधी घरी आलेच नाही. कमळीनंही माझं पाणी जोखलं होतं. मी दारात दिसले की आधी पदराकडं बघायची, मग तोंडाकडं. ज्वारीची भाकरी पुढं आली की लोटून द्यायची — "गव्हाची पोळी पायजे!" मी कपाळाला हात लावायची आणि पोळी करायला बसायची. खरं सांगू? मला ते आवडायचं. तिनं माझ्याकडं हट्ट करावा, थोरलीकडं करू नये, असं मला वाटायचं.

थोरलीचं तसं नव्हतं. तिनं कमळीवर कधी हात उगारला नाही, आवाजसुद्धा चढवला नाही. लोटलेली भाकरी उचलायची, कपाळाला लावायची आणि टोपल्याखाली झाकून ठेवायची. दुसरी करायची नाही. पोरगी आदळआपट करायची, रडून रडून उचक्या द्यायची, आणि थोरली शेजारी बसून निवांत लसूण सोलायची. तासा-दोन तासांनी कमळी स्वतःच टोपलं उचलायची. तेव्हा थोरली तीच भाकरी मोडून त्यावर तेल-चटणी घालून द्यायची आणि तोंडभर हसायची. टोमणा नाही, 'आता कशी खाल्लीस' नाही. हे असं हसणं मला आजही जमलेलं नाही.

आता कुंभाराच्या सुनेचं सांगते.

तिला सातवा महिना होता. तिच्या आईनं हिरवा चुडा सांगून ठेवला होता आणि मी तो घरी दोऱ्यात ओवून बाजूला ठेवला होता. मी बाजाराला गेलेली. कमळी तेव्हा पाच वर्षांची असेल. तिला तोच चुडा हवा झाला. थोरली नाही म्हणाली, तर कमळीनं दोरा ओढून सगळा चुडा अंगणात आपटला. पोटुशीच्या नावाचा चुडा! आम्ही कासार 'फुटली' हा शब्दही काढत नाही, बांगडी वाढली म्हणतो. आणि आमचा जुना रिवाज असा की भरताना बांगडी वाढली तर ती कासाराच्या माथी, गिऱ्हाइकाला बोल नाही. थोरलीनं काय करावं? पोरीचा हात धरला आणि कुंभाराच्या दारात नेऊन उभी केली. "वाढली तर कासाराच्या माथी असती ना? मंग कासार तू बी हायेस. सांग त्यांला." कमळीनं सांगितलं. दुसरा चुडा तर आम्ही दिलाच, पण सून रडली होती. म्हणून थोरलीनं कमळीला लावून दिलं, की त्या मावशीला डोहाळेजेवणापर्यंत रोज तांब्या-तांब्यानं पाणी नेऊन द्यायचं.

मी बाजारातून परत आले, तर माझी नवसाची पोर कुंभाराच्या अंगणात. भावकीतल्या बायका आधीच कुजबुजत होत्या, कासाराची लेक कुंभाराकडं पाणी भरते म्हणून. पण मला राग त्याचा आला नाही. लोकांना मी तसंच सांगितलं, पण ते खोटं. मला राग आला तो वेगळाच. कमळी चाकाशेजारी उकिडवी बसली होती, कोपरापर्यंत चिखल, आणि हसत होती. मी हाक मारली. तिनं वर पाहिलं, 'आले' म्हणाली आणि पुन्हा चाकाकडं बघू लागली. माझ्या पदराकडं तिनं पाहिलंच नाही. पदरात बत्तासे होते.

त्याचं मला बरं वाटायला नको होतं का? आईच ना मी? पोर मोठी होत होती, समजूतदार होत होती. पण नाही वाटलं.

नेकनूरच्या बाजाराचा दिवस. सकाळी मी शेगडी घेऊन बसले होते. लाखेच्या बांगड्यांवरचे आरशाचे तुकडे निघाले की आम्ही लाख तापवून घरीच चिकटवतो. थोरली नदीवर धुणं घेऊन गेली होती, मालक ओसरीवर झोपले होते. मी कमळीला म्हटलं, चल माझ्यासंगं बाजाराला, जिलबी घेऊन देते. तिनं मान हलवली. "न्हाई. मला मावशीचं पाणी भरायचंय. तू जा. मोठी आई हाय नव्हं."

आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून ती उठायला लागली.

मी तो हात झटकला. झटकणाऱ्या माझ्या हातात तापलेली लाखेची कांडी होती. अपघात झाला — असं मी स्वतःला कितीदा समजावलं असेल! पण मला माहीत होतं हो. हातात काय आहे ते झटकताना मला माहीत होतं. लाखेचा थेंब तिच्या मनगटावर पडला आणि तिथंच चिकटला.

पोरीची किंकाळी ऐकून थोरली धुणं टाकून धावत आली. चुन्याची निवळी आणि जवसाचं तेल फेटून लावलं. मी म्हटलं, शेगडीवर पडली. थोरलीनं जखमेतली लाख बघितली, माझ्याकडं बघितलं आणि पोरीच्या हातावर फुंकर घालत राहिली. मी पाटी उचलून बाजाराला गेले. होय, तशी गेले.

जखम चिघळली, पोरीला ताप भरला. त्यातच माझे थोरले दीर बीडहून माल घेऊन आले. घरातले कर्ते तेच, त्यांचा शब्द मालकही मोडत नसत. त्यांनी तापानं निपचित पडलेल्या पोरीचा हात बघितला आणि विचारलं, "ह्यो डाग कुणी दिला?"

काय बोलायला हवं होतं ते तुम्हाला कळतं, मलाही कळत होतं. मी खाली बघत म्हणाले, "मी बाजाराला असते, दादा. पोर कुणाजवळ असते, ते इचारा."

खोटं असं त्यात काहीच नव्हतं. म्हणून तर ते इतकं घट्ट बसलं. वांझेनं सवतीच्या पोरीवर सूड काढला, हे गावाला समजून घ्यायला कितीसा वेळ लागतो? दिरांनी थोरलीला विचारलं. ती माझ्याकडं बघत होती. मी पदराची गाठ सोडत-बांधत राहिले. मग ती म्हणाली, "झालं माझ्या हातून."

का म्हणाली असेल? मी खूप विचार केला त्यावर. मला वाटतं, तिनं घर बघितलं. लेकीसुना ज्या बाईच्या हाती आपला नाजूक हात देतात, तिनंच पोटच्या पोरीचा हात भाजला हे कळलं असतं, तर माझ्या पाटीकडं कोण फिरकलं असतं? त्या पाटीवर चार माणसं जेवत होती. तिनं चौघांतून स्वतःला वजा केलं. माझ्या जागी ती असती, तर असं घडलंच नसतं, हे तर आहेच.

दिरांनी तिला गेवराईकडं, गोदाकाठी तिच्या भावाच्या गावी धाडलं. गाडीत बसताना ती शिव्या देईल म्हणून मी दाराआड उभी होते. तिनं मला हाक मारून बोलावलं आणि म्हणाली, "भाकर टोपल्याखाली ठेवत जा. दुसरी करून देऊ नको. दोन घटका रडंल, मंग खाईल."

एवढंच म्हणाली. पोरीला बघूनही घेतलं नाही तिनं, पोर आत झोपलेली होती.

मग मी ते सगळं केलं. शेजारी जाऊबाईच्या घरी पोर ठेवून बाजार करायची, आणि घरी असेन तेवढा वेळ थोरलीनं केलं तसं करायची. भाकरी झाकली. सांडलं त्यानं पुसायचं, मोडलं त्यानं जाऊन सांगायचं. रिकाम्या पदरानं घरी यायला शिकले. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात, तशी मी तिच्या वळणावर जाऊन बसले. आणि कमळीनं विचारलं, की हा डाग कसला, तर काय सांगितलं असेल मी? पाच वर्षांच्या पोरीला काय आठवतं? आपण सांगू तेच आठवतं. मी सांगत गेले.

कमळीचं लग्न ठरलं, तेव्हा थोरलीला बोलावणं गेलं. मालक जिवंत होते, ती सवाष्ण होती, टाळता येत नव्हतं. आमच्या घरात नवरीच्या हिरव्या चुड्यातली पहिली बांगडी घरातली मोठी सवाष्ण भरते, बाकीच्या कासार भरतो. मांडवात बायका दाटून बसलेल्या. थोरली वाळून गेली होती. वाकड्या अंगठ्याला कळ लागेल म्हणून आधी तेल चोळून आली होती. तिनं बांगडी घेतली आणि हात पुढं केला.

कमळीनं आपला हात मागं ओढून घेतला. पदराखाली लपवला. "त्यांच्या हातून नको."

मी तिथंच बसले होते, दोघींच्या मध्ये. एक वाक्य पुरलं असतं. सगळी भावकी होती, दीर होते, विहीण होती. आता कुणी माझ्या पोटावर पाय देणार नव्हतं, लेकीला चांगलं घर मिळालं होतं. एक वाक्य.

थोरलीनं ती बांगडी माझ्या हातात ठेवली. "तूच भर बाई. तुझा हात हलका हाय."

मी भरल्या. एकही बांगडी वाढली नाही. भरून झाल्यावर बांगडी भरणारीच्या पाया पडायचं असतं. कमळी माझ्या पाया पडली, थोरलीच्या डोळ्यांदेखत. विहीण म्हणाली, "पोरीला वळण लई झ्याक लावलंत तुमी." मी म्हणाले, "एकटीनं केलं हो सगळं." थोरली खाली पडलेले दोरे वेचत होती. तिनं मान वर केली नाही. दुसऱ्या दिवशी वरात निघायच्या आधीच ती गाडी धरून गेली. पुढं दोन पावसाळ्यांनी तिच्या भावाकडून निरोप आला, की ती गेली.

आता कमळीला दोन पोरं आहेत. मागच्या आठवड्यात मी तिच्याकडं गेवराईला गेले होते. धाकट्यानं भाकरी लोटली. कमळीनं ती उचलली, कपाळाला लावली, टोपल्याखाली झाकली आणि निवांत लसूण सोलायला बसली. मनगटावरचा डाग वर-खाली होत होता. शेजारीण म्हणाली, अगं, लेकरू रडतंय. कमळी हसली — तसंच, थोरलीसारखं तोंडभर. म्हणाली, "रडू द्या. आमच्या आईचं वळण हाय हे."

आणि माझ्याकडं बघितलं. मी मान डोलावली.