रवा धरलेलं तूप

कुसुम गेली तेव्हा मी देवासला पंगतीत बसलो होतो. तिच्या भावाच्या, विनायकच्या मुलाची मुंज होती. खिशातला फोन वाजला. धारचे आमचे शेजारी बोलत होते, "भिया, जल्दी आ जाओ, भाभी…" ताटावरून तसाच उठलो. मुंजीला मी एकटा गेलो ते तिनंच पाठवलं म्हणून. दोन दिवस आधी तिच्या तपासणीचा कागद आला होता, इंग्रजीत. मी आठवी पास. विचारलं, काय लिहिलंय? घडी घालत म्हणाली, "ठीक आहे सगळं. थोडा अशक्तपणा. तुम्ही जा, माझ्या माहेरचं कार्य आहे, आपल्यातलं एक तरी माणूस दिसायला हवं." मी गेलो. रिपोर्टच्या बाबतीत तिच्यावर शंका घ्यायची मला सवयच नव्हती.

का नव्हती, ते सांगतो. पीथमपूरच्या एका कारखान्यात मी प्लास्टिकची दातेरी चाकं ओतायच्या मशीनवर होतो. ती वर प्रयोगशाळेत, बी.एस्सी. झालेली बाई. साचा गार व्हायला ठरलेला वेळ द्यावा लागे. नग जास्त निघावेत म्हणून मी तो चोरला. माल चकचकीत निघाला, पण पंधरा दिवसांत चाकं आक्रसली. कुसुम खाली आली. "जगतापजी, साचा लवकर उघडलात." मी म्हटलं, नाही उघडला. "तुम्ही नाही म्हणता, माल हो म्हणतो." सगळे हसले. मी चिडलो, "माल बोलतो का मॅडम?" "वर या, ऐकवते."

वर तिनं चिमट्यानं राईएवढा तुकडा उचलला, डाळीएवढ्या ॲल्युमिनियमच्या वाटीत ठेवला, झाकण दाबलं. शेजारी तशीच एक रिकामी वाटी. दोन्ही एकाच भट्टीत सारख्या तापवायच्या. भरलेलीला वितळताना उष्णता किती जास्त लागली, ते कागदावर उंचवट्यासारखं उमटतं. मला काही कळेना. तेव्हा म्हणाली, "तूप सावकाश गार झालं की रवा धरतं ना? एकदम गार केलं की गुळगुळीत बसतं. ह्याचंही तसंच; साचा लवकर उघडला की रवा अर्धवट राहतो, मागाहून धरतो आणि चाक आक्रसतं. रवा जास्त, तर वितळवायला उष्णता जास्त. त्यावरून शेकडा किती रवा धरला ते निघतं." मग तोच तुकडा सावकाश गार करून पुन्हा तापवला. आता उंचवटा मोठा आला. "पहिल्या वेळी माल तुम्ही त्याचं काय केलंत ते सांगतो. एकदा वितळला की ते पुसलं जातं. दुसऱ्या वेळी सांगतो तो त्याचा मूळचा स्वभाव." मी मान खाली घातली, कबूल झालो. तिनं रिपोर्टात एक अक्षर सौम्य केलं नाही. आठ दिवस बिनपगारी घरी बसलो.

दीड वर्षानं आमचं लग्न झालं. विनायकनं तिला विचारलं होतं, ह्या आठवी पासात काय पाहिलंस? म्हणाली, "कबूल झाला."

तेराव्यानंतर तिच्या तपासणीचा तो कागद तिच्या शिवणाच्या डब्यात सापडला. विनायकनं वाचला. अर्ध्यावर थांबला. "भाऊजी… ताईला कळलं होतं." बस, एवढंच. आयुष्यभरात तिनं एकच रिपोर्ट खोटा सांगितला, आणि तो मला. राग येतो. तिचा येतो, माझा जास्त येतो. डॉक्टरला दोन शब्द विचारायला काय शाळा लागते? नाही विचारलं. तिनं ठीक म्हटलं, मी चपला घातल्या.

स्वतः जायच्या आठवडाभर आधी तिनं तूप कढवलं होतं. बरणीला जुनं लुगडं गुंडाळून सावकाश गार केलेलं. मोठा रवा आहे, काचेतून दिसतो. मी त्यात चमचा घातलेला नाही. आता चैत्राचं ऊन लागलंय. फ्रिज आमच्याकडे नाही, दोघांना कशाला म्हणायची. विनायक फोनवर म्हणतो, "वितळलं तर वितळलं भाऊजी, परत बसेल." बसेल. रवाही धरेल. पण तो तिनं धरवलेला नसेल, हे त्याला कसं सांगू… बरणी माठाच्या आडोशाला ठेवलीय, ओलं फडकं गुंडाळतो, दुपारी दोनदा बदलतो. काल फडकं सोडलं तर काचेच्या कडेनं तूप सुटलं होतं. मधला गोळा अजून पांढरा आहे.