ताईचं दुपटं आणि न आलेला निरोप

विहीणबाईंनी तसा निरोप कधी पाठवलाच नव्हता. हे वाक्य मी आजवर कोणाजवळ बोललेलो नाही, बायकोजवळसुद्धा नाही. तिलाही वाटतं, निरोप आला होता. ज्या बहिणीला मी तो सांगितला, तिला तर वाटतंच. तो मी बनवला. नातीच्या बारशाच्या सकाळी, पिपरी मेघेच्या आमच्या घरात, मागच्या खोलीत उभं राहून.

ताई माझ्याहून मोठी. नवरा लवकर गेला, मूलबाळ नाही. हिंगणीला राहते. घरामागच्या तुकड्यात वांगी, सांबार म्हणजे कोथिंबीर, पालक काढते आणि सेलूच्या बाजारात नेऊन विकते. दुपारी ऊन चढलं की ओसरीवर विणत बसते. माझं वर्ध्यात शिलाईच्या सामानाचं छोटं दुकान आहे, म्हणून लोकर तिला माझ्याकडूनच जाते. आधी ती साधे स्वेटर विणायची. मग माझ्या मुलीने तिला मोबाईलवर कुठल्याशा परदेशी बाईचे व्हिडिओ लावून दिले. त्यात बाईचा चेहरा नाही, नुसते हात. बोलणं ताईला कळायचं नाही, म्हणून आवाज बंद करून ती ते हात बघत राहायची.

ती वीण अशी आहे की एका ओळीत एकच रंग चालतो. दोन ओळी हळदी, वर दोन ओळी जांभळ्या. पण जांभळी ओळ विणताना मधले काही टाके विणायचेच नाहीत, तसेच एका सुईवरून दुसरीवर सरकवायचे. मग खालचा हळदी रंग वर चढतो, आणि ओळीमागून ओळ करत चौकटी, पायऱ्या, शंकरपाळे उमटत जातात. बघणाऱ्याला वाटतं दोन्ही धागे एकदम चालवलेत. तसं नसतं. मी एकदा गंमत म्हणून सुया हातात घेतल्या तर ताई म्हणाली, "ओढून नको राहू बाबू. सरकवलेल्या टाक्याच्या मागून धागा ढिला जाऊ दे. ओढला का कापड आकसते."

मुलीचं लग्न वडनेरच्या घरात झालं. शेती आणि गावात किराणा, माणसं बरी. पहिल्यांदा दिवस गेल्याचं कळलं तेव्हा ताईला राहवलं नाही. आमच्याकडे बाळ येण्याआधी त्याच्यासाठी काही विणत नाहीत, हे तिला चांगलं माहीत होतं. तरी तिने एक टोपडं विणायला घेतलं आणि हौसेने फोनवर सांगूनही टाकलं. पुढं ते बाळ राहिलं नाही. डॉक्टरीणबाईंनी समजावलं, असं होतं पुष्कळदा, कोणाचा दोष नसतो. मी मान डोलावली. पण माझ्या डोक्यात ते टोपडं बसलं, आणि टोपड्यामागे ताईचे हात. मी शिकलेला माणूस. दुकानात येणाऱ्या बायकांना, हे असलं मानू नका, असं सांगणारा. तरी बसलं ते बसलं.

दुसऱ्या वेळी ताई दुकानात आली आणि सगळ्यात मऊ लोकर मागितली. हळदी, जांभळी आणि थोडी मोरपंखी.

"कोणासाठी?" मी विचारलं.

"माह्या गुडघ्याले. थंडी लागते."

"गुडघ्याले एवढे गुलछबू रंग?"

"काऊन? म्हातारीच्या गुडघ्याले हौस नसते का बे?"

दोघंही हसलो. रीत चुकू नये म्हणून ती बाळाचं नाव काढत नव्हती, हे मला कळत होतं. मी लोकर बांधून दिली. तेव्हाच बोलायला हवं होतं. मनात भीती होती तर तिच्या तोंडावर सांगायची, ती रडली असती, भांडली असती, मला दोन शिव्या दिल्या असत्या. मी पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळलो. मुलगी माहेरी आली, बाळंत झाली, नात धडधाकट. तेव्हा तरी भीती जायला हवी होती. उलट, आता एवढं नीट झालंय तर ताईच्या हातचं काही तिच्या अंगावर नको, असं मला वाटायला लागलं. मला ही ओळ लिहितानाही लाज वाटते आहे.

बारशाच्या सकाळी ताई पहिल्या बसने आली. पिशवीतून दुपटं काढलं. मधे मोरपंखी शंकरपाळा, भोवती चौकटीत चौकट, कडेला पायऱ्या. मुलगी बघतच राहिली. बायको म्हणाली, "ताई, बाळंतविड्यात सगळ्यात वर हेच ठेवू." बाळंतविडा आमच्याकडे पाटावर मांडतात, सासरची माणसं एकेक वस्तू उचलून बघतात.

मी ताईला मागच्या खोलीत बोलावलं.

"ताई, एक सांगायचं होतं. विहीणबाईंचा निरोप आला होता. बाळंतविड्यात... म्हणजे त्यांच्याकडे मानतात... ज्या बाईचा नवरा नाही तिच्या हातचं..."

मला वाक्य पुरं करावं लागलं नाही.

"कोणं म्हटलं? त्या बाईनं?"

"हो."

"परवा तर फोनवर माह्यासंगं हासून राह्यली होती."

मी खाली बघितलं. अंगणात वडनेरची गाडी लागल्याचा आवाज आला. मग ती म्हणाली, "मंग तुह्या बायकोनं विणलं म्हणून सांगजो. लेकराच्या अंगावर तर पडू दे."

नको म्हणायला माझ्याकडे कारण उरलं नाही. मी बायकोला आणि मुलीला तोच खोटा निरोप सांगितला, आणि दुपटं बायकोने विणलं असं म्हणायचं ठरवलं. बायको चिडली, "असं कसं म्हणतात हो?" पण पाहुणे दारात होते.

विहीणबाईंनी पाटावरचं बाकी काही बघितलंच नाही. दुपटं उचललं, उलटं केलं, मागची बाजू बोटांनी चाचपली. त्या स्वतः विणणाऱ्या, हे मला माहीत नव्हतं.

"भाऊ, हे कोणं विणलं?"

"हिनं," मी बायकोकडे हात केला.

"बाप्पा! मले शिकवाच आता. मी किती खेपा केलं, माह्याकडून अशे शंकरपाळे येतच नाईत. सुया हायेत का घरात?"

ताईच्या पिशवीतल्या सुया निघाल्या, उरलेली लोकरही. बायकोला साधं विणता येतं. ती बसली, टाके घातले. विहीणबाई मांडीला मांडी लावून बसल्या. दुसरा रंग घ्यायची वेळ आली तशी बायकोने दोन्ही धागे एकाच ओळीत घेतले. विहीणबाईंच्या कपाळाला आठी पडली. "असं? पण मागून तर तसं नाई दिसून राह्यलं." बायकोने उसवलं, पुन्हा घातलं, पुन्हा तेच. तिच्या ओठावर घाम आला. तिने माझ्याकडे बघितलं. मी पंख्याकडे बघितलं.

ताई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. हात पुसत आली आणि बायकोच्या मागे बसली.

"वैनी, तुमचं मनगट दुखते नं. द्या इकडे." आजवर ती बायकोला कधी वैनी म्हणाली नव्हती, अहोजाहो तर नाहीच. मग विहीणबाईंकडे न बघता म्हणाली, "मले यायनंच शिकवलं. मी दाखवते."

आणि तिने दाखवलं. एका रंगाच्या दोन ओळी, दुसऱ्याच्या दोन, हा विणायचा, हा सरकवायचा, धागा मागून ढिला. विहीणबाई लहान मुलीसारखं बघत होत्या. मधेच त्यांनी ताईचा हात धरला.

"तुमचा हात किती सैल चालते हो आत्याबाई! वडनेरले या, आठ दिवस ठेवून घेतो तुमाले. आन् पहिल्यांदा लेकराले ह्या दुपट्यात तुमीच गुंडाळा. शिकवणारीचं मनगट दुखते, शिकलेलीचं तर चांगलं हाय!"

सगळे हसले. ताईने हात सोडवून घेतला.

"माहे हात ओले हाय," ती म्हणाली आणि उठून आत गेली.

हात कोरडे होते. माझ्यादेखत पुसले होते. विहीणबाईंचा चेहरा उतरला. ती बाई चार लोकांसमोर ताईच्या मांडीवर नात द्यायला निघाली होती, आणि ताईला वाटत होतं की ही मागून एक बोलते, तोंडावर एक. तेव्हा मी दोन पावलं पुढे जाऊन बोललो असतो तर तिथंच मिटलं असतं. माझी लाज गेली असती, एवढंच. मी पाहुण्यांना चहा विचारला.

ताई जेवली नाही. भाजी तोडायची राहिलीय म्हणून दुपारच्या बसने गेली.

त्यानंतर ती वडनेरला एकदाही गेली नाही. मुलगी माहेरी आली की भेटते, पण सासूचं नाव निघालं की उठून जाते. "त्या बाईचं नाव नको काढू माह्यासमोर." लोकर मागायलाही आली नाही. मी एकदा नवे रंग घेऊन गेलो तर म्हणाली, "ठेव तिकडे. डोळे दुखतात." तिकडे विहीणबाई दर सणाला विचारतात, "आत्याबाईले काय झालं? आमचं काही चुकलं का?" मी म्हणतो, तिचा स्वभावच तसा, जरा ताठ आहे. म्हणजे एका खोट्याच्या डोक्यावर मी दुसरं ठेवलं, आणि ते माझ्या बहिणीच्या नावाने.

नात आता पळते. दुपटं तिला पुरत नाही तरी झोपताना तेच लागतं. हे कोणी विणलं, ते सांगायला विहीणबाईंनी तिला शिकवलंय. नात माझ्या बायकोचं नाव घेते. बायको दर वेळी उठून आत जाते.

परवा विहीणबाईंचा फोन आला. येत्या रविवारी त्या स्वतः हिंगणीला जाणार आहेत, नातीला घेऊन. "काय चुकलं ते त्यायच्याच तोंडून ऐकतो भाऊ. पाया पडावं लागलं तर पडतो."

न केलेल्या गुन्ह्यासाठी ती बाई ताईच्या पाया पडायला निघाली आहे. मी फोनवर "हो, जा ना" एवढंच म्हणालो.

रविवारच्या आत मला हिंगणीला जायचं आहे. तिच्या ओसरीवर बसून सांगायचं आहे की तो निरोप कोणी पाठवला नव्हता, तुझ्या हातांची भीती त्यांना नव्हती, मला होती. मग तेच वडनेरला, आणि माझ्या बायकोला, आणि मुलीला. ताई मला घराबाहेर काढेल, कदाचित. तो तिचा हक्क आहे. माझ्याकडून तिला एक खरं वाक्य यायचं आहे, ते मी अजून दिलेलं नाही.