आईचा रडतानाचा फोटो

शहापूर तालुक्यातल्या खर्डीजवळच्या आमच्या घरून विमानतळाकडे जीप निघाली, तेव्हा आईने ऐनवेळी खिडकीतून तांदळाची पिशवी माझ्या मांडीवर टाकली. टोरांटोत तांदूळ मिळतो, असं नवरा सांगत होता. आईने ऐकलं नाही. "नीट ऱ्हा गो," एवढंच म्हणाली. "कुनाशी भांडू नको, गाव आपला नाय." नव्वदचं दशक संपत आलं होतं. धाकटा भाऊ विलास तेव्हा शहापूरच्या कॉलेजात होता. जीप वळेपर्यंत तो रस्त्यातच उभा होता.

आईचं ते वाक्य मी तिथे बरीच वर्षं पाळलं. बेकरीत पहाटेची शिफ्ट केली. वरच्या मजल्यावरच्या बाईने सुकटीच्या वासाची तक्रार केली, तर सॉरी म्हटलं. एकदा बसमध्ये एक माणूस मला मोठ्याने म्हणाला, तुझ्या देशात परत जा. मी खिडकीबाहेर बघत बसले.

पुढे घरी कॉम्प्युटर आला आणि नेटवर मराठी माणसांची एक कम्युनिटी सापडली. सुरुवातीला तिथे भाकरी कशी थापायची, माहुली किल्ल्याचे सुळके कुठून चांगले दिसतात, असलं चालायचं. मग मुंबईत परप्रांतीयांना झालेल्या मारहाणीच्या बातम्या येऊ लागल्या आणि सगळ्यांचा सूर बदलला. बाहेरच्यांना हाकला, रक्त कसं खवळत नाही तुमचं, असं लिहिणारे बरेचसे माझ्यासारखेच परदेशात राहून व्हिसाची वाट बघणारे. मला त्या रागाचा भरवसा वाटेना. पण मी गप्प वाचत राहिले.

एके दिवशी शिफ्टवरून आले, कॉम्प्युटर लावला, तर समोर आई. आमच्या ओट्यावर बसलेली, पदर तोंडाला, डोळे सुजलेले. खाली लिहिलं होतं, 'परप्रांतीयांनी घर बळकावलं. शहापूरच्या या माउलीला न्याय द्या.' त्याखाली प्रतिक्रियांची रांग. 'डोळ्यांत पाणी आलं.' 'माझीच आई वाटली.' 'यांना सोडू नका.'

लगेच घरी फोन लावला. आईनेच उचलला.

"घराला काय झालंय? मी घरातच हाय."

"मग तू रडत का होतीस?"

"रामसजन गेला ना गो. बायको-पोरीला घेऊन."

रामसजन उत्तर प्रदेशातला गवंडी. आमच्या मागच्या खोलीत भाड्याने राहायचा. त्याची पोर त्याच खोलीत जन्मली. तिला पायावर घेऊन न्हाऊ घालायची ती आईच. मारहाणीच्या बातम्यांनंतर बाजारात कोणीतरी त्याला दम भरला. दुसऱ्याच दिवशी टेम्पोत सामान भरून ते निघून गेले. आई रडली ती त्या पोरीसाठी.

फोटो अंगणातून काढलेला होता. कॅमेऱ्याचा मोबाइल घरात एकाकडेच होता. मी म्हटलं, विलासला फोन दे.

"तू टाकलास?"

"ताई, तू तिकडं बसलीस. हितं पोरांना काम नाय, तुला काय म्हाईत?"

"पण आपलं घर कोणी बळकावलं?"

"रडनं तर खरं हाय ना?" तो म्हणाला, आणि फोन ठेवला.

मी त्या फोटोखाली लिहिलं, ही माझी आई आहे, ती आमच्या भाडेकरूंसाठी रडते आहे. कोणी पुरावा मागितला. कोणी विचारलं, हे लिहायचे किती मिळाले? एकाने तर मला बजावलं, 'या माउलीच्या अश्रूंचा अपमान करू नका.' संध्याकाळपर्यंत मला कम्युनिटीतून काढून टाकलं. फोटो राहिला.

तेव्हापासून नेटवरचं रडणं दिसलं की मी आधी फोटो कोणी काढला ते बघते. टोरांटोत स्थलांतरितांच्या बाजूने लढणाऱ्या एका गटाला नेटवर टाकायला माझी गोष्ट हवी होती. मी बसमधला प्रसंग सांगितला. तिथली मुलगी मायाळूपणे म्हणाली, "तेव्हा तुम्ही रडला असाल ना?" मी म्हटलं, नाही, खिडकीबाहेर बघत होते. तिचा फोन परत आला नाही. तिचा हेतू चांगलाच असेल. तरी तिलाही माझं रडणंच हवं होतं, असा मला संशय आला तो आलाच.

पुढच्या उन्हाळ्यात घरी गेले. विलास रिक्षा घेऊन स्टेशनवर आला होता. वाटेत आम्ही दोघं फक्त ऊन किती वाढलंय यावर बोललो. जेवताना मी आईला सगळं सांगितलं. विलास मान खाली घालून भात कालवत होता.

"माजा फोटू किती लोकांनी बघला?" आईने विचारलं.

"खूप. बाहेरच्या देशांतल्यांनीसुद्धा."

तिचा चेहरा उजळला. "मंग त्यातलं कुनी सांगंल का, ती पोर कुठं हाय?"

विलास ताटावरून उठला आणि हात धुवायला बाहेर गेला. सकाळी मी मोरीपाशी असताना जवळ येऊन हळूच म्हणाला, "रामसजनचा नंबर बंद लागतो. मी लावून बघतो मधनं मधनं." तो खरंच लावतो की मला बरं वाटावं म्हणून बोलला, हे मला आजही सांगता येत नाही. स्वतःच्या भावाबद्दल असं वाटावं, याचंच वाईट वाटतं.

तुमच्यापैकी जे मागे राहिलात आणि जे माझ्यासारखे निघालात, त्या सगळ्यांना घर कुठलं हे कोणीतरी विचारतंच. टोरांटोत मला विचारलं की मी अजून खर्डीच सांगते. पण सांगताना आता ती पोर आठवते. तिचा जन्म आमच्या घरातला. कुठल्याशा गावात तिलाही कोणी विचारत असेल, तू कुठची गो? ती काय सांगत असेल?